डोंगरातलं नि समुद्राकाठचं गोल्फ कोर्स इतकं देखणं का असतंय? माती, हरळी आणि वाऱ्याची गोष्ट

२०२२ चा ऑगस्ट आठवतोय का? बेळगावात बिबट्या शिरला होता. आधी जाधव नगरात दिसला, मग रेसकोर्स रोडकडच्या गोल्फ कोर्सच्या झाडीत, आणि पुढं कितीतरी दिवस अख्खं शहर तेवढंच बोलत होतं. आसपासच्या वीसेक शाळांना सुट्ट्या, पिंजरे, ड्रोन, शिमोग्याजवळच्या सक्रेबैलू कॅम्पातनं हत्ती सुद्धा आणले, खरं बिबट्या काही हाताला लागला नाही. त्या दिवसांत माझ्या भाच्यानं मला विचारलेलं, "मामा, ग्राउंडात बिबट्या लपतोय कसा? ग्राउंड म्हणजे सपाट असतंय की."

पोराचा प्रश्न एकदम बरोबर होता आणि त्यावेळी मला नीट उत्तर देता आलं नाही. नंतर त्यानंच मोबाईलवर फोटो दाखवायला सुरू केलं, कुठं समुद्राच्या कड्यावर हिरवंगार गवत आणि मध्ये एक झेंडा, कुठं मागं बर्फाचे डोंगर आणि पुढं गालिचा टाकल्यासारखं मैदान, आणि परत तोच प्रश्न, हे असं कसं काय केलंय, आपल्या चोर्ला घाटात नाहीतर आंबोलीत का नाही होत? म्हणून हे सगळं एकदा व्यवस्थित लिहून काढतोय. मी काय मोठा खेळाडू नाही, खरं माझे थोरले काका कितीतरी वर्षं एका गोल्फ कोर्सवर माळी होते, त्यामुळं गवत नि माती याबद्दल घरात लहानपणापासनं ऐकत आलोय, आणि बाकीचं वाचून नि बघून.

सुरुवात तिथनंच, ग्राउंड या शब्दातनं. क्रिकेटची पिच २२ यार्ड म्हणजे २२ यार्ड, ती टिळकवाडीत असू दे नाहीतर लॉर्ड्सवर. कबड्डीच्या मैदानाला माप आहे, खो-खोला आहे, बॅडमिंटनला आहे. गोल्फमध्ये पण मापं काय कमी नाहीत, होलचा व्यास १०८ मिलीमीटर, बॉल ४२.६७ मिलीमीटरपेक्षा लहान चालत नाही, वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, पिशवीत १४ च्या वर काठ्या न्यायच्या नाहीत. एवढं सगळं बांधून ठेवलंय, खरं मैदान कसं असावं याला मापच नाही! चढ किती, उतार किती, झाडं किती, नदी मध्ये आली तर काय, काही नाही. जी जमीन मिळेल ती. म्हणूनच हा खेळ डोंगरात पण बसतोय, दरीत पण बसतोय आणि वाळूच्या टेकाडांत पण, आणि म्हणूनच त्यात बिबट्याला लपायला पण जागा मिळत्या.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यात सांगतो. जिथनं पहिला फटका मारायचा ती जागा म्हणजे टी, मध्ये कापलेल्या गवताची लांब पट्टी म्हणजे फेअरवे, तिच्या बाजूला वाढलेलं गवत म्हणजे रफ, वाळूचे खड्डे म्हणजे बंकर, आणि शेवटी एकदम बारीक कापलेली जागा, जिथं झेंडा नि होल असतंय, ते ग्रीन. टी पासनं ग्रीनपर्यंतच्या या अख्ख्या पट्ट्याला पण होलच म्हणतात, असे १८ होल खेळायचे आणि ज्याला सगळ्यात कमी फटके लागले तो जिंकला. १८ च का, तर स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजला जुना कोर्स आहे, तिथं आधी एका फेरीला २२ होल खेळायचे, १७६४ साली काही होल एकत्र करून ते १८ केले आणि पुढं सगळ्या जगानं तेच उचललं.

आता समुद्राकडं जाऊया, कारण खेळ तिथंच वाढलाय.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर शेतजमीन संपते आणि समुद्र सुरू होतो, त्या दोघांच्या मध्ये एक पट्टा असतोय, त्याला तिकडं लिंक्स म्हणतात. हिमयुग संपल्यावर समुद्र मागं सरकला आणि मागं वाळू राहिली, वाऱ्यानं त्या वाळूची टेकाडं केली, टेकाडांवर हळूहळू चिवट गवत धरलं. शेतीच्या दृष्टीनं ही जमीन फुकट. पीक येत नाही, मग काय, मेंढरं सोडायची. मेंढरं गवत खाऊन बारीक ठेवायची, वारा आला की टेकाडाच्या आडोशाला अंग टेकून बसायची, तिथं वाळू उघडी पडून खड्डे व्हायचे आणि तेच पुढं बंकर झाले असं सांगतात. म्हणजे कुणी इंजिनिअर नाही, नकाशा नाही. वारा, मेंढरं आणि ससे यांनी मैदान केलं आणि माणसानं फक्त होल पाडून झेंडा लावला. इतका नाद लागला लोकांना की १४५७ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटनं गोल्फवर बंदी घातली, पोरं धनुष्यबाणाचा सराव सोडून हेच खेळत बसतात म्हणून.

या वाळूतच सगळी गंमत आहे, कारण वाळूत पाणी थांबत नाही. आपल्याकडं पूर्वेला बैलहोंगल-सौंदत्तीकडं काळी जमीन आहे ना, पावसाळ्यात तिच्यात पाय टाकला की चप्पल आतच राहत्या. आणि आपल्या नदीकाठच्या वाळूवर कितीही पाऊस पडू दे, दहा मिनिटांत चालायला मोकळं. लिंक्स हे दुसऱ्या प्रकारातलं. पाणी खाली निघून जातंय म्हणून जमीन वरून टणक राहते, जमीन टणक म्हणून बॉल पडल्यावर थांबत नाही, टप्पा खाऊन घरंगळत जातोय, आणि बॉल घरंगळतोय म्हणून जमिनीचा प्रत्येक उंचवटा खेळात येतोय. तिथले जुने खेळाडू बॉल फार उंच मारतच नाहीत, खालूनच पळवतात, कारण वर गेला की वारा घेऊन जातोय. आणखी एक, उन्हाळ्यात हे कोर्स तपकिरी पडतात, वाळल्यासारखे दिसतात आणि तिथल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. मला तर तो रंगच आवडतो, आपल्या माळरानासारखा दिसतोय मार्गशीर्ष-पौषात. हिरवंगार म्हणजेच चांगलं हे टीव्हीनं आपल्या डोक्यात भरवलंय.

समुद्राकाठचा प्रत्येक कोर्स लिंक्स नसतो हे पण लक्षात घ्या, इथं भरपूर लोक चुकतात. कॅलिफोर्नियातला पेबल बीच, १९१९ सालचा, जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध कोर्सांपैकी एक, तो खडकाच्या कड्यांवर आहे, वाळूच्या टेकाडांत नाही. त्याचा सातवा होल जेमतेम शंभर-एकशेदहा यार्डांचा, खाली उतारावर, तिन्ही बाजूंनी समुद्र. हवा शांत असली तर शाळकरी पोरगं पण बॉल तिथं टाकेल आणि वारा सुटला की मोठमोठे खेळाडू लांब पल्ल्याची काठी काढतात, एवढ्याशा अंतराला. न्यूझीलंडमध्ये केप किडनॅपर्स म्हणून २००४ साली झालेला कोर्स आहे, तिथं जमिनीची हाताच्या बोटांसारखी टोकं समुद्राकडं गेल्यात आणि त्या बोटांवर फेअरवे, खाली साधारण १४० मीटर सरळ कडा. फोटो बघूनच पोटात गोळा येतोय.

डोंगर आणि समुद्र एकाच जागी बघायचा असेल तर उत्तर आयर्लंडमधला रॉयल काउंटी डाउन. पुढं समुद्र, मागं मोर्न डोंगररांग, त्यातलं सगळ्यात उंच शिखर साधारण ८५० मीटर. आता गंमत बघा, आपलं बेळगावच समुद्रसपाटीपासनं साडेसातशे मीटरच्या वर बसलंय. म्हणजे ज्या डोंगराचे फोटो जगभर भिंतीवर लावतात तो आपल्या गावापेक्षा थोडासाच उंच. खरं तो एकदम समुद्रातनं उठलेला दिसतोय म्हणून डोळ्यात भरतोय. वेंगुर्ल्याहनं किंवा सावंतवाडीहनं आंबोलीकडं बघितलं की जे वाटतंय ना, तेच.

वारा. शाळेत भूगोलात खारे वारे नि मतलई वारे पाठ केलेले आठवतात? दिवसा जमीन लवकर तापत्या, तिच्यावरची हवा वर जाते, मग समुद्रावरनं वारा आत येतोय, हा खारा वारा. रात्री जमीन लवकर गार होते म्हणून उलटं, तो मतलई. मालवणच्या कोळ्यांना हे पाठ करावं लागत नाही, त्यांची होडी त्यावरच जाते-येते. समुद्राकाठच्या गोल्फमध्ये हेच घड्याळ चालतंय. सकाळी सातला खेळणाऱ्याला वेगळा कोर्स मिळतो आणि दुपारी दोनला खेळणाऱ्याला वेगळाच, गवत तेच, होल तेच. सेंट अँड्र्यूजचा जुना कोर्स तर सरळ एका दिशेनं बाहेर जातो आणि वळून परत येतो, त्यामुळं जाताना वारा पाठीत असला तर येताना तोंडावर, आणि जाताना तोंडावर असलेल्या वाऱ्यानं मध्येच दिशा बदलली तर दोन्ही वेळा तोंडावर! आणि वारा बरोबरीनं देत-घेत नाही हे विशेष. पाठीवरचा वारा जेवढी मदत करतोय त्यापेक्षा समोरचा तेवढाच वारा जास्त नुकसान करतोय, कारण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, आणि समोरच्या वाऱ्यात बॉल फुग्यासारखा वर चढत जातोय नि तिथंच मरतोय.

डोंगरातला वारा वेगळ्या चालीचा. तिथं दिवसा उतार तापतो आणि वारा दरीतनं वर येतोय, संध्याकाळी थंड हवा जड होऊन खाली उतरते. चोर्ल्यात घाटाच्या कडेला गाडी थांबवून उभे राहिलाय ना कधी, खालनं वर येणारा वारा तोंडावर लागतोय, धुकं खालनं वर येतंय, तसंच. फक्त डोंगरात वारा झाडांमुळं नि वळणांमुळं तुकड्या-तुकड्यांनी येतो. टी वर पानसुद्धा हलत नाही आणि वर ग्रीनवरचा झेंडा फडफडतोय, अशा वेळी झाडांचे शेंडे बघायचे असं कॅडी, म्हणजे खेळाडूची पिशवी उचलणारे, सांगतात.

उंचीचा हिशोब मला सगळ्यात जास्त आवडतो कारण तो साधा आहे. जसं वर जाल तशी हवा विरळ होते, विरळ हवेत बॉलला अडवणारं कमी, म्हणून बॉल लांब जातो. ढोबळ नियम असा की प्रत्येक हजार फुटाला साधारण एक टक्का नि थोडं वर अंतर वाढतंय. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर जो फटका १५० यार्ड जाईल तोच बेळगावात, अडीच हजार फुटावर, चार-साडेचार यार्ड जास्त जाईल. काश्मिरात गुलमर्गला, साधारण २,६५० मीटरवर म्हणजे पावणेनऊ हजार फुटांच्या जवळ, तोच १६५ च्या आसपास. सिक्कीममध्ये नथू ला च्या बाजूला कुपुपला फौजेचा याक गोल्फ कोर्स आहे, चार हजार मीटरच्या घरात, तिथं तर आणखी पुढं, खरं तिथं खेळणाऱ्याला स्वतःचाच श्वास पुरत नसेल.

फक्त एवढंच असतं तर सोपं झालं असतं. बॉलवर ते छोटे छोटे खळगे असतात ना, तीनशे-चारशे, ते शोभेला नाहीत. त्यांच्यामुळं बॉलच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणारी हवा जास्त वेळ चिकटून राहते आणि मागची ओढ कमी होते, गुळगुळीत बॉल मारला तर जवळपास अर्ध्यावरच पडेल. आणि फटका मारल्यावर बॉल उलटा फिरत असतो, त्या फिरण्यामुळं हवा त्याला वर उचलून धरते. आता हवाच विरळ असली तर उचलणारं पण कमी. म्हणून डोंगरात बॉल लांब जातो खरं, पण सपाट जातो, कमी वळतो, आणि पडताना तिरपा पडल्यामुळं लवकर थांबत नाही. त्यात सकाळची थंडी असली तर थंड हवा जड असते, बॉल पण कडक पडतो, मग मिळालेला फायदा थोडा परत जातो. म्हणजे गुलमर्गात पहाटे पहिल्या होलला आणि दुपारी शेवटच्या होलला एकच काठी वेगळं अंतर देते.

आता उताराबद्दल, आणि डोळ्यांबद्दल. लेहजवळ तो मॅग्नेटिक हिल आहे, गाडी न्यूट्रलला टाकली की चढावर आपोआप जाते म्हणतात. तिथं चुंबक-बिंबक काही नाही, आजूबाजूच्या डोंगरांमुळं डोळ्याला क्षितिज सापडत नाही आणि उतार चढ वाटतोय. डोंगरातल्या प्रत्येक ग्रीनवर हेच थोड्या प्रमाणात होतंय. ग्रीन डावीकडं झुकलंय असं वाटतंय, बॉल उजवीकडं जातोय, कारण अख्खा डोंगरच उजवीकडं उतरतोय आणि आपला डोळा डोंगरालाच सपाट समजून बसलाय. डोंगरातले जुने कॅडी म्हणूनच एकच गोष्ट विचारतात, पाणी कुठं वाहत जाईल? दरी जिकडं, बॉल तिकडं. आमचे काका पण तेच म्हणायचे, "पाऊस पडताना बघून ठेव, नंतर डोळ्यानं फसशील."

आपल्या देशातले डोंगरातले कोर्स याच्यामुळंच मला जास्त जवळचे वाटतात, ते फार खोदाखोद न करता झालेत. शिमल्यापासनं वीसेक किलोमीटरवर नालदेहरा आहे, देवदारांच्या जंगलात, दोन हजार मीटरच्या वर. लॉर्ड कर्झनला ती जागा एवढी भावली की त्यानं आपल्या मुलीचं नाव अलेक्झांड्रा नालदेरा ठेवलं.  शिलाँगला १८९८ साली ९ होल झाले, १९२४ ला ते १८ केले, पाइनच्या झाडांमधल्या खोलगट दरीत, त्याला स्कॉटलंडमधल्या नावाजलेल्या कोर्सवरनं पूर्वेचं ग्लेनईगल्स म्हणतात. गुलमर्गचा १८ होलचा कोर्स १९११ चा, उन्हाळ्यात गोल्फ आणि हिवाळ्यात त्याच जागेवर बर्फ. आणि आपल्या कर्नाटकातच चिकमगळूरला, कोडगूला कॉफीच्या मळ्यांच्या शेजारी कोर्स आहेत, तेवढ्या लांब पण जायला नको.

कॅनडात स्टॅनली थॉम्पसन म्हणून एक कोर्स बनवणारा होता. १९२० च्या दशकात त्यानं रॉकी डोंगरांत जॅस्पर आणि बॅन्फ हे दोन कोर्स केले. तो काय करायचा, फेअरवेची दिशाच अशी ठेवायचा की समोर शिखर येईल, आणि बंकरच्या कडा मागच्या डोंगराच्या रेषेसारख्या काढायचा, म्हणजे जवळचं नि लांबचं एकच वाटतंय. दुसरा अलिस्टर मॅकेन्झी, हा मुळात डॉक्टर. बोअर युद्धात गेला आणि तिथं त्यानं बघितलं की समोरच्या सैनिकांचे खंदक जमिनीत असे मिसळून जातात की दिसतच नाहीत. ते तो विसरला नाही. १९२८ साली कॅलिफोर्नियात त्यानं सायप्रस पॉइंट केला, त्यात बंकर कुठं संपतो नि समुद्राची वाळू कुठं सुरू होते हे कळत नाही. त्याचा सोळावा होल म्हणजे टी वरनं ग्रीनपर्यंत २०० यार्डांच्या वर, मध्ये सगळं समुद्राचं पाणी. माणसानं केलेलं दिसूच नये यासाठी केवढी मेहनत.

गवताकडं येतो, हा माझा खरा विषय.

बर्म्युडा ग्रास नाव ऐकलंय? गरम देशातल्या कोर्सवर बहुतेक करून हेच गवत. त्याच्या सुधारित जाती काढतात, विकतात, विमानातनं पाठवतात. खरं ते मूळचं काय आहे सांगू, हरळी. आपली हरळी. तीच जी शेतात आली की शेतकरी कपाळाला हात लावतो, कितीही खणा परत येणारी, आणि तीच जी गणपतीला दूर्वा म्हणून एकवीसची जुडी करून वाहतो, आणि आपली कन्नड माणसं जिला गरिके म्हणतात. काकांनी मला पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा मी विश्वासच ठेवला नव्हता. ते म्हणाले, "शेतात जो गुण वैरी, इथं तोच कामाचा. तुडवलं तरी येतंय, कापलं तरी येतंय, ऊन खातंय." जमिनीवरनं धावणारे नि जमिनीखालनं जाणारे असे दोन्ही धुमारे असतात तिला, त्यामुळं फटक्यानं मातीचं ढेकूळ उडालं तरी काही दिवसांत जखम भरून येते. फक्त दोन गोष्टी तिला सोसत नाहीत, सावली आणि कडाक्याची थंडी. म्हणून गुलमर्ग-शिमल्याकडं आणि स्कॉटलंडला वेगळी गवतं, बेंट नि फेस्क्यू सारखी, ज्यांना थंडी लागते आणि जी आपल्या एप्रिलमध्ये आठ दिवसात करपतील. समुद्राकाठी गरम देशात तिसरंच, पास्पालम, जे खारट पाणी पण बऱ्यापैकी सोसतं.

ग्रीनवर हे गवत किती बारीक कापतात, तर तीन-चार मिलीमीटर. दोन रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवा, तेवढं. इतकं बारीक कापलं की झाडाला पान म्हणून काही राहतच नाही, ते सारखं आजारी पडल्यासारखंच असतंय, म्हणून त्याच्या खाली सगळी व्यवस्था लागते. चांगल्या ग्रीनच्या खाली साधारण ३० सेंटीमीटर वाळू, तिच्याखाली १० सेंटीमीटर खडी, त्यात पाईप. म्हणजे काय केलं बघा, स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर जे फुकट होतं तेच खड्डा काढून परत तयार केलं. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या कोर्सवर हे परवडायचं नाही, तिथं पूर्वी ग्रीनच्या जागी ब्राऊन असायचं, वाळूत तेल मिसळून दाबून सपाट केलेलं, पाणीच नको. काका त्या ब्राऊनवरनं पोत्याचं फडकं ओढून पावलांचे ठसे कसे मिटवायचे ते हातानं करून दाखवायचे. मला ती युक्ती फार शहाणपणाची वाटते.

आता भाच्याचा प्रश्न, आपल्याकडं का नाही.

आंबोलीला वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कणकुंबी-जांबोटीकडं पण तुफान. आणि हा सगळा चार महिन्यात, मग आठ महिने जवळपास काही नाही. सेंट अँड्र्यूजला वर्षाचा पाऊस जेमतेम ७०० मिलीमीटर, खरं तो बारा महिने थोडा थोडा, त्यामुळं गवताला कधी बुडायचं पण नाही आणि कधी तहानेनं मरायचं पण नाही. आपल्या घाटमाथ्यावर खाली जांभा दगड, वर माती कुठं वीतभर तर कुठं तेवढी पण नाही. जुलैत पाणी सड्यावर, म्हणजे त्या उघड्या कातळाच्या पठारावर, साचून राहणार, मार्चमध्ये तोच सडा तव्यासारखा तापणार. तिथं हिरवा गालिचा पाहिजे असेल तर दोन्ही बाजूंनी भांडावं लागतंय, पावसाळ्यात पाणी काढायला आणि उन्हाळ्यात पाणी घालायला.

आणि घालायचं पाणी किती, ते हिशोब करून बघा. एका हेक्टरवर एक मिलीमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. १८ होलच्या कोर्सवर समजा ३० हेक्टर गवताला पाणी द्यायचं आहे आणि एप्रिलच्या उन्हात दिवसाला ५ मिलीमीटर उडून जातंय, तर रोजचे १५ लाख लिटर झाले. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर हे आपल्याकडं माप धरतात, म्हणजे अकरा हजार माणसांचं पाणी. मे महिन्यात राकसकोप धरणाची पातळी किती उरली हे पेपरात रोज बघणाऱ्या गावाला हा आकडा वेगळा समजावून सांगायला नको. म्हादईच्या पाण्यावरनं तर राज्याराज्यात कोर्टकचेऱ्या चाललेल्या. त्यात खानापूरचं जंगल, भीमगड अभयारण्य, सड्यावर पावसाळ्यात येणारी ती बारीक बारीक फुलं. त्या सड्याला गवत नाही म्हणून तो ओसाड, असं समजून कुणी त्यावर माती टाकली तर माझा जीव तुटेल, कारण त्या वीतभर मातीतच त्याचं सगळं असतंय.

किनाऱ्यावर करायचं म्हटलं तर आपल्याकडं किनारपट्टीचे नियम आहेत, सीआरझेड, त्यात वाळूची टेकाडं, खारफुटी, कासवं अंडी घालतात त्या जागा हे सगळं सगळ्यात कडक संरक्षणाच्या गटात येतंय. म्हणजे स्कॉटलंडसारखं खरं लिंक्स ज्या टेकाडांवर होतंय तीच आपल्याकडं राखीव. आणि ते बरंच आहे असं मला मनापासनं वाटतं. स्कॉटलंडमध्येच ॲबरडीनशायरला एका नव्या कोर्सनंतर तिथल्या सरकत्या वाळूच्या टेकाडांचा काही भाग इतका बदलला, की २०२० साली त्या भागाचा विशेष नैसर्गिक ठिकाण हा दर्जाच काढून घेतला. वाळूची टेकाडं हलत राहिली तरच जिवंत असतात, गवत लावून थांबवली की संपली. आपल्याकडनं जवळ समुद्राकाठी बघायचं असेल तर गोव्यात काणकोणला राजबागच्या किनाऱ्याजवळ ९ होलचा आहे, चोर्ल्यानं उतरून मडगाव करून जाता येतंय.

मग डोंगरात कोर्स होऊच नये का, तर तसं नाही माझं म्हणणं. जमिनीनं जेवढं दिलंय तेवढंच घ्यायचं, १८ होल नाही बसले तर ९.  उन्हाळ्यात फेअरवे पिवळा पडला तर पडू दे, हरळी मरत नाही, मृगाच्या पहिल्या पावसात आठवड्यात परत हिरवी होते, आणि फक्त ग्रीनला पाणी दिलं तर वरचा १५ लाखांचा हिशोब एकदम खाली येतोय. कोर्सला सांडपाणी शुद्ध करून वापरणं हे जगात पुष्कळ ठिकाणी चालतंय, ते आपल्या शहरातल्या कोर्सांना पण जमण्यासारखं आहे.

आणि एक गोष्ट राहिलीच. सेंट अँड्र्यूजचा तो जुना कोर्स, ज्याच्यावर एकदा खेळायला मिळावं म्हणून जगातले लोक कितीतरी महिने आधी नंबर लावतात, तो रविवारी बंद असतोय. मोठी स्पर्धा असली तर वेगळं, एरवी रविवारी खेळच नाही. ती जमीन गावाची आहे. त्या दिवशी गावातली माणसं कुत्री घेऊन येतात, म्हाताऱ्या बायका फिरतात, पोरं फेअरवेवरनं पळतात आणि पलीकडं समुद्रावर जातात. भाच्याला हे सांगितलं तर तो पहिल्यांदा गप्प बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे आत जाऊन नुसतं बघितलं तरी चालतंय?" मी म्हटलं, तिथं चालतंय. आता पुढच्या मे मध्ये त्याला घेऊन नालदेहराला जायचं चाललंय, तिकीट अजून काढायचं आहे.